कलती बस

शाळेनं भंगारात काढलेली पिवळी बस
चोपड्याहून आणली, तेव्हा मागच्या काचेवर
अर्धं नाव शिल्लक होतं: ‘…मंदिर, यावल रोड’.
अजून एखाद्या फाट्यावर सकाळी थांबलो
की दप्तरं सावरत दोन पोरं धावत येतात
आणि दारात वाघूरचं डोकं बघून
तेवढ्याच वेगानं परत.

सतरा बाकं काढली, दोन ठेवली.
गादी, शेगडी, पाण्याची टाकी, खिळ्याला कंदील.
वाघूर आणि बोरी आडवे झाल्यावर
जे उरतं ते आमचं घर.

कुमुद चालवते. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकली
आणि गिअर असा टाकते
की गिअरनंच काही गुन्हा केलाय.
मी मागे. भुसावळला एकतीस वर्षं गार्ड होतो,
मालगाडीच्या शेपटाला बसायची सवय.
फक्त तिथं कुणी
भोपळ्याएवढं ओलं डोकं मांडीवर टाकून
मांडीला मुंग्या आणत नसे.

‘हाई काय शे भो, वासरू का कुत्रं?’
पारोळ्याला, एरंडोलला, सावद्याला केळीच्या काट्यावर
हाच प्रश्न. मग दुसरा: ‘कितलं खास?’
कुमुद खरं सांगते. दोघांत मिळून
बारा कळण्याच्या भाकरी, आठ अंडी,
वर खाटीक देईल ते.
एक म्हातारा बोटांवर हिशेब करून म्हणाला,
‘इतलामा बैलजोडी पोसाई जाई.’
जाईल. पण बैलजोडी
विजा कडाडल्या की आमच्या अंथरुणात शिरणार नाही.

वैशाखात बसचा तवा होतो.
पहाटे दोनला निघायचं, आठच्या आत सावली गाठायची.
रावेरला एका केळीवाल्यानं बांधावर जागा दिली,
वर ठिबकची नळी दिली.
आम्ही गोणपाटं भिजवून त्यांच्या पाठीवर टाकत राहिलो,
वीस मिनिटांत वाळायची, पुन्हा भिजवायची.
अमळनेरला बोरी बोरीच्या पात्रात उतरली.
नदीत पाणी नव्हतं.
हिनं ओल लागेपर्यंत हातभर वाळू उकरली,
पोट टेकवलं,
आणि दिवे लागेपर्यंत हलली नाही.

मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या बाजारात
मुनाफभाई नावाच्या घोडेवाल्यानं
वाघूरच्या पाठीवरून तळवा फिरवला,
ओठ उचलून दात पाहिले.
‘सात?’
‘साडेसात.’
तो काही बोलला नाही. मागचा पाय दाबत खाली आला,
एका जागी अंगठा थांबला.
वाघूरनं मान वळवून नुसतं बघितलं.
‘मोठ्या जनावराला वय लहान देतो तो,’ म्हणाला.
घोड्याला मग पंचवीस कसं,
हे माझ्या जिभेवर आलं होतं.
समोर त्याची घोडी चंदी खात होती.
मी विचारलं नाही.

ट्रकाच्या दोन फळ्या त्यानं दिल्या,
काथ्याची चटई ठोकलेल्या, खूर घसरू नये म्हणून.
दोनशे रुपये. त्या बाजारात
घासाघीस न झालेला तेवढाच सौदा असेल.
आता वाघूर फळीवरून चढतो, मध्ये थांबतो,
आपण मुद्दाम थांबलो असं दाखवतो.
रात्री गुडघे धरले की मीही फळीवरून चढतो.
कुमुद तेव्हा आरशात केस विंचरत असते,
अंधारात.

वाघूर झोपतो दाराच्या बाजूला, डावीकडे.
तिकडचे पाटे बसलेत. चष्मा, उलथनं, बटाटे,
सगळं रात्रीतून त्याच्याकडे घरंगळतं.
दोंडाईच्याचा मिस्त्री म्हणाला, पाटे बदला,
बस सरळ उभी राहील.
‘नको,’ कुमुद म्हणाली. ‘एवढ्यात नको.’
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी टायरकडे.

आज प्रकाशाला, तापीच्या काठावर.
थंडी आहे. दोघं घोरताहेत, काच धुकटलीय.
जुन्या सवयीनं मी मागं वळून बघतो,
सगळं जोडलेलं आहे ना.
पातेल्यात चहा एका बाजूला जास्त आहे.
कुमुद त्याच बाजूनं ओतते.